सहा मिलिमीटर

निलोफर शेख फाटक उघडून आत आली, तेव्हा ओट्यावर सरांची मुलगी सायली उभी होती.

"बाबांना आत्ताच डोळा लागलाय," ती म्हणाली. "काल डायलिसिस होतं. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. बस जरा इथंच."

इंदिरानगरातलं हे बसकं, तीन खोल्यांचं घर निलोफरला परकं नव्हतं. ती नाशिकचीच. द्वारका चौकाजवळ ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या निसारभाईंची मुलगी. कॉलेजात असताना एकदा तिथं डॉक्टर सावळीराम भोये यांचं व्याख्यान झालं होतं. हरसूलकडच्या एका पाड्यावरून निघालेला, आश्रमशाळेत शिकलेला हा माणूस उपग्रहांनी समुद्र मोजतो, हे ऐकून सगळी पोरं अवाक झाली होती. व्याख्यान संपल्यावर निलोफरनं एक प्रश्न विचारला आणि भोये सरांनी तिला घरी बोलावून त्याचं उत्तर दोन तास दिलं. पुढं ती त्यांचीच विद्यार्थिनी झाली. सर निवृत्त होऊन नाशिकला आले, त्यांचं काम निलोफरकडे आलं. दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या संस्थेत, सरांच्या जुन्या टेबलावर ती आता बसत होती.

"रविवारी हरसूलला सत्कार आहे, माहितीय ना?" सायली म्हणाली. "त्यांच्या जुन्या शाळेत. पंधरा दिवसांपासून भाषणाची तयारी चाललीय. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलेलं नाही."

निलोफरनं मान हलवली. मांडीवरची बॅग तिनं घट्ट धरली होती. सायलीच्या ते लक्षात आलं.

"काय झालंय?"

निलोफरला खोटं बोलता आलं नाही. "आमच्या मोजणीत चूक आहे," ती म्हणाली. "सरांच्या आणि माझ्या. मोठी आहे."

सायली बँकेत नोकरी करायची. वडिलांचं काम तिला बारकाव्यानं कळत नसे, पण त्या कामातून काय निघालं हे घरात सगळ्यांना पाठ होतं. समुद्र दोन कारणांनी चढतो. एक, जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात नवं पाणी येतं. दुसरं, असलेलं पाणी तापून फुगतं. एक उपग्रह वरून रडारची लहर सोडून समुद्राची उंची मोजतो. दुसरे दोन उपग्रह एकामागोमाग एक उडत पाण्याचा भार मोजतात, म्हणजे नवं पाणी किती आलं ते कळतं. उंचीतून ते वजा केलं की उरतं ते निव्वळ फुगणं. आणि फुगण्यावरून उष्णता. पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊब घेते तेवढी परत आकाशात सोडत नाही, आणि जी मागे राहते तिचे दहातले नऊ हिस्से समुद्रात जातात. म्हणून समुद्राची उष्णता कळली की पृथ्वीचा सगळा तोल कळतो.

जगातले इतर गट सांगत होते की ही शिल्लक ऊब दर चौरस मीटरला एक वॅटच्या आसपास आहे आणि वाढतेय. भोये सरांचा आकडा आला शून्य पूर्णांक सहा, आणि तो वाढत नव्हता. दहा वर्षांच्या मोजणीवरचा तो लेख खूप गाजला. कुणी त्याच्यावर टीका केली, कुणी डोक्यावर घेतला. टीव्हीवरच्या चर्चांत लोक तो आकडा फडकवायचे. समुद्राचा ताप स्थिरावतोय, घाई करू नका, असं म्हणायचे. लेखावर पहिलं नाव सरांचं होतं, दुसरं निलोफरचं.

"रविवारनंतर सांग," सायली म्हणाली. "हात जोडते. तीन दिवसांनी काय बिघडणार आहे? समुद्र कुठं पळून जात नाही."

आतून खोकल्याचा आवाज आला. सरांची बायको साळूबाई दाराशी आली आणि निलोफरला पाहून तिचा चेहरा खुलला. "निलू आली व्हय? मग भाईर का बसली? ये, ये आत."

सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. डाव्या हातावर सुयांच्या जागी निळे डाग होते. त्यांनी निलोफरला समोरच्या खुर्चीत बसवलं, संस्थेतल्या एकेकाची विचारपूस केली, आणि मग रविवारबद्दल बोलत राहिले. समुद्राचा ताप स्थिरावतोय ही चांगली बातमी पोरांना सांगायची आहे. शाळेला पत्र्याऐवजी आता स्लॅब पडलाय म्हणे. थोरली बहीण भागीबाई येणार आहे, ऐंशीची आहे, मुलगा तिला मोटरसायकलवर मागे बसवून आणणार आहे. निलोफर हो हो करत राहिली. बॅग उघडायला तिचा हात धजला नाही. तासाभरानं ती उठली.

शुक्रवारी संध्याकाळी ती अब्बांच्या गॅरेजवर गेली. निसारभाई एका रेडिएटरला पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहत होते. गॅरेज बंद होईपर्यंत ती बाकड्यावर बसून राहिली. मग तिनं सगळं सांगितलं. निसारभाईंना वॅट आणि मिलिमीटर कळले नसतील, पण पोरीला काय खुपतंय ते कळलं.

"माझ्या उस्तादांकडून एकदा रेडिएटरच्या सांध्याचा डाग कच्चा राहिला होता," हात पुसत ते म्हणाले. "मी तेव्हा नवा. कांद्याचा ट्रक होता, लासलगावचा, मुंबईला निघालेला. मी पाहिलं, की इथं टिकणार नाही. पण उस्ताद गल्ल्यावर चार लोकांत बसलेले. कसं बोलू? मी पाणी द्यायच्या बहाण्यानं जवळ गेलो नि कानात सांगितलं."

"रागावले?"

"महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत." निसारभाई हसले नाहीत. "चारचौघांत सांगू नये, बेटा. पण गाडी घाटाला लागायच्या आत सांगावं लागतं. कसारा उतरायला लागल्यावर सांगून काय फायदा?"

शनिवारी सकाळी ती पुन्हा इंदिरानगरला गेली. या वेळी तिनं सायलीला आधीच सांगून टाकलं. "मी आज सांगणार आहे. उद्या ते चारशे पोरांसमोर समुद्राचा ताप स्थिरावतोय असं सांगणार आहेत. ते चूक आहे हे मला ठाऊक असताना मी टाळ्या वाजवू शकत नाही."

सायलीनं खुंटीवरची पिशवी घेतली. "मला हे बघायचं नाही," म्हणाली आणि भाजी आणायला निघून गेली.

सर मागच्या भेटीपेक्षाही थकलेले होते, पण हातात कागद होता. मोठ्या अक्षरात लिहिलेला, पाच पानांचा. "बरी वेळेवर आलीस. ऐक," ते म्हणाले आणि वाचू लागले. आश्रमशाळेतल्या दिवसांपासून सुरुवात होती. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा वय एकोणीस, घाबरून दोन पावलं मागे सरलो, असं होतं. निलोफर ऐकत राहिली. तिसऱ्या पानावर ते वाक्य आलं.

"'मुलांनो, मी तुम्हाला एक चांगली बातमी सांगायला आलोय. समुद्राचा ताप…'"

"सर," निलोफर म्हणाली, "ते वाक्य काढा."

ते थांबले. चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का? पोरांना जड जाईल?"

"नाही सर. ते खरं नाही."

स्वयंपाकघरात साळूबाई नागलीच्या भाकरी थापत होती, तेवढाच आवाज येत होता. सरांनी कागद बाजूला ठेवले, चष्मा पुसला.

"दाखव."

तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. रडारची लहर समुद्राकडे जाता येता हवेतल्या बाष्पातून जाते आणि तिला किंचित उशीर होतो. तो उशीर ध्यानात घेतला नाही तर समुद्राची पातळी आहे त्यापेक्षा खाली वाटते. म्हणून उपग्रहावर बाष्प मोजणारं एक वेगळं उपकरण असतं. सर आणि निलोफर ज्या उपग्रहाची मोजणी वापरत होते, त्याचं ते उपकरण वर्षागणिक थोडं थोडं ढळत गेलं होतं. हवा आहे त्यापेक्षा कोरडी दाखवत गेलं होतं. दर वर्षी मिलिमीटरच्या साठ शतांशाएवढी चूक. दहा वर्षांत सहा मिलिमीटर. समुद्र तेवढा चढला होता आणि यांच्या मोजणीत तो चढला नव्हता.

सरांनी तोंडी परीक्षा घ्यावी तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांचा आवाज एकदम खणखणीत झाला होता.

"तुलना कशाशी केलीस?"

"दुसऱ्या उपग्रहाच्या बाष्पाशी."

"त्याचंच चुकत असेल."

"म्हणून तिसरा घेतला. मग चौथा. मग बेटांवरून हवेत सोडतात त्या फुग्यांची मोजणी घेतली. सगळे एका बाजूला आहेत, आपला एकटा वेगळा."

"समुद्रात सोडलेल्या तापमापकांशी जुळतं?"

"आधी जुळत नव्हतं, आता जुळतं. दुरुस्ती केल्यावर आकडा शून्य पूर्णांक नऊ येतो."

"किनाऱ्यावरचे भरतीमापक?"

"तेही तेच सांगतात, सर."

असे दोन तास गेले. साळूबाई एकदा डोकावून जेवणाचं विचारून गेली, पण दोघंही उठले नाहीत. सरांनी एकेक आलेख मोठा करून पाहिला, दोनदा तिला गणित पुन्हा करायला लावलं, एका ठिकाणी तिची खरोखरच बारीक चूक काढली. ती तिनं तिथल्या तिथं सुधारली. त्यानं उत्तर बदललं नाही. शेवटी एका आलेखावर त्यांचं बोट थांबलं. दोन उपग्रहांच्या बाष्पातल्या फरकाची रेघ होती. किंचित तिरकी.

"ही मी पाहिलीय," ते हळू म्हणाले. "तू मला दाखवली होतीस. लेख छापायच्या आधी."

"हो सर."

"मी काय म्हणालो होतो?"

निलोफरला तो दिवस, ती खोली, सरांच्या हातातला चहाचा कप, सगळं आठवत होतं. "तुम्ही म्हणालात, दुसऱ्याच्या घड्याळावरून आपलं घड्याळ लावायचं नसतं."

"आणि तू?"

"मी काही बोलले नाही."

"पुन्हा विचारायला का आली नाहीस?" त्यांचा आवाज चढला. "तुला रेघ दिसली होती. तुझ्या डोळ्यांना दिसली होती! मी तुला एवढंच शिकवलं का? सर म्हणतील ते खरं?"

"तुम्ही खूप खूश होतात, सर." तिला रडू फुटलं. "आणि मलाही तो आकडा हवा होता."

सरांनी लॅपटॉप मिटून तिच्या हातात दिला. "जा तू आता," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

ओट्यावर साळूबाईनं तिला गाठलं. "काय सांगितलं गं त्यान्ला? येवढं काय झालं?"

"काकू, आमचं चुकलंय. मी त्यांना ते सांगितलं."

साळूबाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "जेवून तरी जा." पण निलोफरला घास गिळवला नसता. ती चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि कितीतरी वेळ तिनं रिक्षाला हातच केला नाही. सर आता आपलं तोंड पाहणार नाहीत, असं तिला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, उद्या ते हरसूलला जाणार नाहीत, भागीबाई मोटरसायकलवर बसून येईल आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहून परत जाईल, असं वाटत राहिलं.

रविवारी सकाळी आठला सायलीचा फोन आला. आवाज कोरडा होता. "बाबांनी तुला बोलावलंय. गाडीत जागा आहे. नऊला निघतोय."

सायली गाडी चालवत होती, साळूबाई तिच्या शेजारी बसली होती. मागच्या सीटवर सर आणि निलोफर. गिरणारे गाव मागे पडलं. द्राक्षांचे मळे संपून डोंगर जवळ येऊ लागले, तेव्हा सर बोलले, समोर पाहतच.

"आपला पहिला आकडा किती आला होता, आठवतंय? लेखाच्या आधीचा?"

"एक पूर्णांक एक."

"मग आपण काय केलं?"

"चुका शोधल्या. तीन महिने. दोन सापडल्या."

"दोन्ही खऱ्या चुका होत्या. त्या काढल्यावर शून्य पूर्णांक सहा आला. मग आपण शोधायचं थांबलो." ते जरा थांबले, त्यांना धाप लागली होती. "रात्रभर याच्यावरच विचार करतोय. आकडा मोठा आला तर चूक असणार म्हणून शोधत बसलो. लहान आला आणि जिवाला बरं वाटलं. मला वाटायचं, मी सगळ्या जगाहून जास्त काटेकोर आहे. मी फक्त घाबरलेला होतो, पोरी. मोठा आकडा खरा असावा असं मला नको होतं."

सायलीनं आरशातून वडिलांकडे पाहिलं आणि घाटाच्या वळणावर गाडीचा वेग कमी केला.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. मुख्याध्यापक शेखर गुरुजी लगबगीनं पुढं आले, सरांना दोघांनी धरून स्टेजवर बसवलं. पोरं रांगांत मातीवर बसली होती, मागे गावातली माणसं. पहिल्या रांगेत खुर्चीवर भागीबाई होती. अंगानं सुकलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर. शाल झाली, नारळ झाला, गुरुजींनी ओळख करून दिली: हरसूलचं नाव सातासमुद्रापार नेणारे, समुद्राचा ताप मोजणारे, आणि तो स्थिरावतोय ही आनंदाची बातमी जगाला देणारे डॉक्टर भोये. टाळ्या पडल्या. सरांच्या हातात माईक आला.

त्यांनी खिशातले कागद काढले नाहीत.

"मी या शाळेत शिकलो," ते म्हणाले. "इथं माझं गणित चुकलं की बोडके गुरुजी फळ्यासमोर उभं करायचे. काय चुकलं ते सगळ्या वर्गाला मोठ्यानं सांगायचं, मग खाली बसायचं. आज मी तेवढ्यासाठीच उभा राहतोय. उभं राहवत नाही, म्हणून बसून सांगतो."

मागच्या रांगांतली पोरं माना उंचावून पाहू लागली.

"सूर्य पृथ्वीला ऊब देतो. पृथ्वी ती घेते आणि परत आभाळात सोडते. घेतली तेवढी सोडली तर सगळं ठीक. पण आपण हवेत इतका धूर सोडलाय की तिला सगळी परत टाकता येत नाही. उरते ती समुद्रात साठते. किती उरते? दोन हात लांब, दोन हात रुंद जागेवर, एक लहानसा दिवा. दिवाळीच्या माळेतल्या दिव्याएवढा. तुम्ही म्हणाल, त्यानं काय होतंय? पण तो दिवा तुमच्या अंगणात आहे, शेतात आहे, डोंगरावर आहे, सगळ्या समुद्रावर आहे, प्रत्येक दोन हातांवर एक. रात्रंदिवस जळतोय. कधीच विझत नाही.

"मी जगाला सांगितलं, तो दिवा इतर लोक म्हणतात त्यापेक्षा मंद आहे आणि मोठा होत नाही. मी चुकीचं सांगितलं. माझ्या उपग्रहावरचं एक उपकरण हळूहळू बिघडत होतं. माझ्या या विद्यार्थिनीनं मला ते दाखवलं होतं. मी तिचं ऐकलं नाही. त्यामुळे काही मोठ्या लोकांना हात बांधून बसायला निमित्त मिळालं. ते पाप माझं आहे. गुरुजी आत्ता जे बोलले, ते त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. त्यांची चूक नाही. ताप स्थिरावत नाही. चढतोय."

त्यांनी माईक खाली ठेवला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. शेखर गुरुजी आभार मानायला उठले आणि मधेच अडखळले. स्टेजखाली सायली दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. मागच्या बाजूला दोघंतिघं उठून निघूनही गेले. सातवीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली.

"सर, आता जो आकडा सांगताय तो तरी बरोबर आहे का?"

कुणीतरी तिला खाली बस म्हणून दटावलं. सरांनी हातानं त्याला थांबवलं.

"आमच्या समजुतीप्रमाणे आहे," ते म्हणाले. "पण माझ्यावर सोडू नकोस. मोठी झालीस की तू तपास."

मांडव रिकामा होत असताना भागीबाई काठी टेकत स्टेजपाशी आली. भावाच्या निळ्या डागांच्या हातावर तिनं आपला हात ठेवला.

"मला काय लय समजलं नाय," ती म्हणाली. "तुझं चुकलं, येवढंच ना?"

"हो आक्का."

"नि ते तू सांगून टाकलं."

"हो."

"मंग चल जेवाया. वरईचा भात निवतोय."

तो दुपारचा घास सरांनी बहिणीच्या हातून खाल्ला. परतीच्या वाटेवर ते झोपले, डोकं निलोफरच्या खांद्यावर कलंडलं, आणि नाशिक येईपर्यंत ती हलली नाही. गाडीतून उतरताना सायली तिला म्हणाली, "मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे." मग म्हणाली, "उद्या डायलिसिस आहे. परवा ये. ते वाट बघतील."

निलोफरनं तीन आठवड्यांची रजा काढली. अंगात बळ असेल तेव्हा सर एक तास, कधी अर्धा तास काम करत. ज्या मासिकात लेख छापला होता, त्याला दुरुस्तीचं पत्र पाठवायचं होतं. आकडे, आलेख, गणित सगळं निलोफरनं लिहिलं. एक वाक्य मात्र सरांनी सांगून लिहवून घेतलं: ही शंका प्रकाशनापूर्वी पहिल्या लेखकासमोर मांडली गेली होती आणि त्यानं ती फेटाळली. निलोफरनं त्याखाली आपलं वाक्य जोडलं, की दुसऱ्या लेखिकेनं ती पुन्हा उपस्थित केली नाही. सर म्हणाले, काढ ते. ती म्हणाली, तुमचं काढा, मग काढते. दोन्ही राहिली. संपादकांनी कळवलं की अशा वैयक्तिक मजकुराची आवश्यकता नाही. सरांनी स्वतः उत्तर टाइप केलं, की आवश्यकता आहे. दीड महिन्यानं पत्र छापून आलं, दोन्ही वाक्यांसह.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. लेख डोक्यावर घेणाऱ्यांनी पत्राकडे पाहिलंही नाही. ते जुनाच आकडा फडकवत राहिले. काहींनी उलटीच ओरड केली, बघा, हे शास्त्रज्ञ सोयीनं आकडे बदलतात. संस्थेत निलोफरची बढती त्या वर्षी अडली. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. परदेशातल्या एका वयस्क संशोधकानं, ज्याच्याशी सरांचं वर्षानुवर्षं भांडण होतं, चूक स्वतःहून सांगितल्याबद्दल आभार मानणारं दोन ओळींचं पत्र लिहिलं. सरांनी ते निलोफरकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि पुन्हा वाच म्हणाले.

पुढच्या एप्रिलात ती नाशिकला आली, तेव्हा सर खाटेवरून उठेनासे झाले होते. बोलणंही थोडंच राहिलं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, साळूबाईनं खिडकीला ओला पडदा लावला होता. निलोफर जवळ बसली. नव्या वर्षाची मोजणी पूर्ण झाली होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकच्या वर गेला, सर."

त्यांनी डोळे मिटले. "तपासलास?"

"तीन वेळा. मग दुसऱ्या गटाला दिला, त्यांनीही तपासला."

सरांचे ओठ हलले. निलोफर वाकली. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "एकदा तरी तू आकडा सांगशील आणि तो कमी असेल. खरोखरचा कमी."

"मलाही तसंच वाटतं, सर. दर वेळी."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. थंड होता त्यांचा हात, पण पकड अजून होती. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि दोघांना तसं पाहून दाराशीच थांबली.